शालूनं आजींना राईला नेलं

पेणकरपाड्यातल्या चाळीत शालूला अजूनही सगळे ‘ब्युरोवाली’च म्हणतात. ब्युरो सुटून वर्ष होत आलं तरी. ब्युरो पाठवेल त्या घरी जाऊन म्हातारी, आजारी माणसं सांभाळायची, हे तिचं काम होतं. रत्नागिरीहून लग्न होऊन आली तेव्हा आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं हेही तिला ठाऊक नव्हतं. पुढं हात असा बसला, की अवघड पेशंट आला की ब्युरोच्या संपदा मॅडम आधी तिलाच फोन करायच्या.

इंदुबाई तशाच अवघड. खुब्याचं हाड मोडलेलं आणि जीभ तिखट. आधीच्या बायका आठवडाभर टिकल्या नव्हत्या, शालू दोन वर्षं टिकली. आजी शांती नगरात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायच्या, पण जीव राई गावात. तिथं खाडीच्या कडेला त्यांचं माहेर. जमिनीला भाव आला, मुलानं, अमृतनं आईचा हिस्सा मागितला, प्रकरण कोर्टात गेलं आणि आजींचं भावाशी, काशीनाथशी, बोलणंच तुटलं. वेणी घालून घेताना आजी हे सगळं शालूला सांगायच्या. सुनेला, भाविकाला, असलं ऐकायला वेळ नव्हता.

एका सकाळी दारावर मासळी घेऊन येणारी राईची बाई बोलून गेली, “काशीनाथदादाचा काय खरा न्हाय आथा. पानीपन उतरत न्हाय.”

आजींनी मुलाला विचारलं. अमृत शर्टाची बटणं लावत म्हणाला, “आई, त्या घरात पाय ठेवायचा नाही. गेलीस की ते कशावर तरी अंगठा घेतील. विषय संपला.”

त्या दिवसापासून आजींनी ताट सरकवायला सुरुवात केली. शालूनं भात मऊ करून दिला, पेज दिली. आजी तोंड फिरवायच्या.

“बाय, माजा भाव चाललाय. एक डाव नजरंन बगू दे मना.”

“आजी, घरच्यांना न सांगता पेशंटला बाहेर नेलं तर ब्युरो मला पुन्हा काम देणार नाही.”

आजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “कोन इचारल त सांगन, मीच हट केला. भावाची आन हाय.”

शालूची स्वतःची आई गावी वारली तेव्हा शालू कांदिवलीत दुसऱ्याच कुणाच्या तरी आईला औषध पाजत बसली होती. तोंड बघायला मिळालं नाही ते नाहीच. अमृत आणि भाविका कामावर गेल्यावर तिनं नवऱ्याला फोन लावला. सदू म्हणाला, “डोकं फिरलंय काय तुझं? नसती बला.” तिनं फोन ठेवला, आजींना धुतलेलं नऊवारी लुगडं नेसवलं आणि खाली रिक्षा बोलावली.

राईत आजींना जवळजवळ उचलूनच घरात न्यावं लागलं. काशीनाथ खाटेवर नुसता सापळा उरला होता. आजी त्याच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, “वलखलंस काय रं?” त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. मग चमच्यानं नारळाचं पाणी त्याला आजींनीच पाजलं, आणि ते उतरलं. घरातल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. कुणी कागद काढला नाही, कुणी जमिनीचं नावही घेतलं नाही. एका नातीनं तेवढा बहीणभावाचा फोटो काढला.

परतीच्या वाटेवर आजी शालूच्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या होत्या. शालूला वाटलं, जीव निवला असेल.

फोटो मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरत त्यांच्याआधीच घरी पोचला होता. दार अमृतनं उघडलं. मागं भाविका, फोनवर संपदा मॅडमना धरून.

“कुणाला विचारून नेलंस हिला? किती दिले त्या लोकांनी तुला?”

“दादा, आजींचाच हट्ट होता. आजी, सांगा ना.”

आजींनी मुलाकडं पाहिलं. मग जमिनीकडं. “मना काय म्हाईत? ही म्हनाली, डाक्तरकडं जाव. मी बसली रिक्षात. उतरली त राई!”

शालूला आधी कळलंच नाही, की हे आपल्याबद्दल चाललंय.

“आजी, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती तुम्ही.”

“मी कशाला आन घेव?” आजी म्हणाल्या आणि भाविकाकडं पाणी मागितलं.

शालूची पिशवी त्याच संध्याकाळी जिन्यात आली. पोलिसात जायची धमकी झाली. अमृत गेला नाही, पण बिल्डिंगभर सांगत सुटला. संपदा मॅडम एवढंच म्हणाल्या, “तुझं खरं असेल गं, पण माझं नाव खराब झालं.” बाकीच्या ब्युरोंतही बातमी पोचली होती. सदू महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही.

काम गेल्याचं तिनं सोसलं. सलत राहिला तो ‘डाक्तर’. म्हातारी घाबरून नुसती गप्प बसली असती, तर शालूनं समजून घेतलं असतं. पण डॉक्टरचं ते खोटं ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. ते रिक्षात जुळवलेलं होतं, तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून.

काशीनाथ त्या पंधरवड्यातच गेला. आजींना मातीला नेलं नाही, असं मासळीवालीनं सांगितलं.

पावसाळ्यानंतर शांती नगरच्या बागेजवळ शालूला आजी दिसल्या. चाकाच्या खुर्चीत, सोबत नवी बाई. आजींनी त्या बाईला पाणी आणायला पिटाळलं आणि शालूला हातानं बोलावलं. ती गेली. मनात कुठंतरी वाटलं, आता तरी म्हातारी काही बोलेल.

“बाय, मना त्याच घरात मराचा हाय,” आजी म्हणाल्या. “तो पोरगा सोरून मना कोन हाय?”

“आणि मला कुठं जगायचं होतं, आजी?”

आजी पदराचं टोक चाचपत राहिल्या. नवी बाई बाटली घेऊन येताना दिसली तशी मान वळवून तिच्याशी मोठ्यानं बोलू लागल्या, “किती येल लावलास गो?”

शालू आता एका खानावळीत पोळ्या लाटते. तिथल्या बायका चांगल्या आहेत. घरचं, सासरचं, सगळं बोलतात, रडतातही. शालू ऐकते आणि पोळी उलटते. मधे ती कुणाच्या पडत नाही.