सूट मिळावी म्हणून चकाचक केलेली इमारत

आधी चहा घ्या, मग माझ्या अकलेचे तारे ऐका. हसलात तरी चालेल. गांधीबागेतल्या सगळ्या कापडवाल्यांचं हसून झालंय!

तिथं आमचं आजोबांच्या काळचं दुकान. दुमजली, वर सागवानी नक्षीची गॅलरी. आणि छत असलं गळकं, की पावसाळाभर साड्यांचे गठ्ठे इकडून तिकडे हलवण्यातच जीव जातो. तेवढ्यात कळलं, जुनी इमारत जपणाऱ्याला मालमत्ता करात सूट मिळणार. म्हणजे छताची सोय झालीच की! ठोकला अर्ज. नियम वाचले का म्हणता? छे! नियम वाचायला मी काय रिकामटेकडा आहे?

पाहणीला महापालिकेच्या मॅडम येणार म्हटल्यावर मी जे सुटलो! चुन्याचा गिलावा खरवडला, दर्शनी भिंतीला चकचकीत टाइल्स लावल्या. नक्षीचा कठडा भंगारवाल्याला दिला आणि तिथं स्टीलचे पाइप बसवले.

बायको म्हणाली, "अहो, त्या जुनं पाहाले येऊन राहिल्या ना? मंग हे काहून खरवडता?"

"पोरगी पाहाले पाहुणे आले, तर तिले फाटक्या लुगड्यात उभी करते का कोणी?" असं म्हणून मी तिला गप्प केलं. काय तो माझा रुबाब!

समोरच्या गोपाळभाऊंनीही अर्ज केलेला, पण ते मात्र ढिम्म. भिंतीला पोपडे, खिडकीत पिंपळ उगवलेला. मी मुद्दाम हाक मारली, "भाऊ, चुना तरी मारा गा! असं भूतघर पाहून मॅडम पळून जातीन ना!"

"राहू दे गा," म्हणाले आणि पान चघळत बसले. आळशी माणूस!

मॅडम आल्या. मी हार घेऊन तयार! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मलाच विचारलं, "ती जुनी इमारत कुठं आहे हो?"

"मॅडम, तुम्ही तिच्यासमोरच उभ्या आहा!"

त्यांनी अर्जावरचा फोटो पाहिला, टाइल्स पाहिल्या, मग माझं तोंड पाहिलं. "गॅलरीचा कठडा कुठं गेला?"

"भंगारात दिला, मॅडम. खास तुमच्यासाठी!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, जुनं तसंच राखायचं, त्याचीच तर सूट होती! आता हिची नवीन बांधकाम म्हणून नोंद होईल. कर वाढेल तुमचा."

आणि त्या सरळ गोपाळभाऊंच्या भूतघरात शिरल्या. बाहेर आल्या त्या "वा, वा" करतच! तोंडातलं पानसुद्धा न थुंकता सूट मिळवली त्या माणसानं.

मी धावत आडवा गेलो. "मॅडम, थांबा! आत या, काहीतरी जुनं राहिलं असंनच!"

मागून बायको म्हणाली, "जाऊ द्या त्यायले. जुने म्हणाल तर आता तुम्हीच एक उरले. अन् तुमच्यावर कोण सूट देते?"