लांबी न भरलेला मडगार्ड

जुन्या गाड्यांचं कौतुक करणारी माणसं मला सहन होत नाहीत, आणि त्याला एकच गाडी कारण आहे.

ती कुण्या संस्थानिकाने लग्नासाठी विलायतेहून बोटीने आणलेली. संस्थान गेलं, गाडी गोरेगावच्या स्टुडिओत आली. नट्या तिच्यातून उतरायच्या. मग अंधेरीतल्या एका शेडमध्ये तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. शेवटी एका बिल्डरने ती उचलून मरोळच्या गॅरेजात आणून टाकली. तिथे माझे बाबा डेंटर होते, गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारे. तशा अवस्थेतही ती देखणी होती, हे मान्य करते. लांबलचक बॉनेट, आणि मडगार्डचा उतार असा की हात आपोआप त्यावरून फिरायचा.

डावा मडगार्ड मात्र गंजून चाळण झाला होता. दुसऱ्या कुणी भोकांत लांबी, म्हणजे पुटी, भरली असती, वर रंग मारून मोकळा झाला असता. बाबांनी सपाट पत्रा घेतला आणि लाकडी हातोड्याने ठोकत, डोळे मिटून तळहाताने चाचपत, सात महिने नवा मडगार्ड घडवला.

"भरा ना थोडी लांबी, कोण बघतंय?" मी वैतागून म्हणायची.

"मगे माझी गरज काय?" बाबा म्हणायचे. "पत्रो पत्र्यासारखोच होवक व्हयो."

बिल्डर खूश. "काका, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात सगळ्यांसमोर तुमची ओळख करून देणार," म्हणाला. तेवढ्यासाठी बाबा परवाच्या प्रदर्शनाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले.

परीक्षकाने फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक गाडीवरून फिरवलं. आत लांबी असली की ते धरत नाही. इथे सगळीकडे घट्ट धरलं, डाव्या मडगार्डवरही. "अख्खी बॉडी मूळची आहे," त्याने जाहीर केलं.

मी बिल्डरकडे पाहिलं. तो हसून म्हणाला, "हो, एकाही पत्र्याला हात लावलेला नाही."

माझं डोकंच फिरलं. "खोटं बोलताय! तो मडगार्ड ह्यांनी केलाय!"

त्याने मला बाजूला घेतलं. "मॅडम, मूळची म्हटलं तरच बक्षीस आहे ना. समजा ना यार."

"गप गो," बाबांनी माझं कोपर धरलं. मला त्यांचाही संताप आला. थोडं वाईट काम केलं असतं तर बाबा आज निदान लोकांना दिसले असते! असं मला वाटावं, याची चीड अजून जात नाही.

टाळ्या संपल्या, लोक पांगले. बाबांनी हळूच मडगार्डवर तळहात ठेवला.

"ओ काका, हात नाय लावायचा!" सिक्युरिटीवाला ओरडला.

बाबांनी हात काढला. चकचकीत रंगावर पंजाचा ठसा उमटला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तो नीट पुसून टाकला.