थोडा वावर आहे

घर बघण्याच्या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. जळगावात पिंप्राळ्यात तीन घरं बदलली होती. नळाला पाणी किती वाजता येतं, वरच्या मजल्यावर कोण नाचतं, हे मी दारात उभी राहूनच ओळखायची. त्यामुळे बदली रत्नागिरीला झाली तरी घराची मला काळजी नव्हती. काळजी आईची होती.

वडील गेल्यावर ती पिंपळनेरजवळच्या गावात एकटीच राहत होती. शेत बटाईने दिलं तरी रोज बांधावर जाऊन बसायची. दोन वर्षं मी तिला चल म्हणत होते आणि ती एकच विचारायची, "तठे वावर शे का?" आमच्याकडे वावर म्हणजे शेत. समुद्राकाठच्या शहरात मी ते कुठून आणू?

बंदरापासून जवळच एका तीन मजली इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट मिळाला. मालकीणबाई सत्तरीच्या, वरच्याच मजल्यावर राहायच्या. काकूंनी सगळं दाखवलं. मागच्या खोलीपाशी आल्यावर मात्र त्या थांबल्या.

"आधीच सांगितलेलं बरं," त्या म्हणाल्या. "मागे थोडा वावर आहे."

'थोडा' म्हणाल्या, 'थोडं' नाही. तिथेच मला कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात आई. मी जवळजवळ उडीच मारली.

"किती वर्षांपासून आहे?"

"चार वर्षं झाली."

"बघत नाही का कुणी त्याच्याकडे?"

"कोण बघणार? आधीचे भाडेकरू दोन महिन्यांत गेले."

लोकांना मशागतीचा कंटाळा, असं मनात म्हणून मी विचारलं, "आम्ही वापरलं तर चालेल ना? माझ्या आईला फार आवड आहे."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मागचं दार खाऱ्या हवेने फुगून घट्ट बसलं होतं; सुताराकडून उघडून घेते म्हणाल्या. मी तरी खिडकीतून डोकावावं की नाही? नाही डोकावले. होकार देऊन मोकळी झाले आणि आईला फोन केला. वावर आहे म्हटल्यावर ती लगेच तयार झाली.

महिन्याभराने मी राहायला आले ती तिला घेऊनच. तिने गिलक्याचं आणि वांग्याचं बी फडक्यात बांधून आणलं होतं. चहासुद्धा न घेता ती मागचं दार उघडून उभी राहिली. मागे फरशी, पाण्याची मोटार आणि कंपाउंडची भिंत.

"वावर कोठे शे?" तिने विचारलं.

काकू मागोमाग आल्याच होत्या. त्यांनी खोलीतल्या एका खुर्चीकडे बोट दाखवलं. पूर्वी त्या आणि त्यांचे यजमान याच घरात राहायचे. काका याच खोलीत गेले. नंतर त्या वर राहायला गेल्या, पण संध्याकाळी इथली खुर्ची करकरते, ते येऊन बसतात, असं त्यांचं म्हणणं. "मी काही लपवून घर दिलेलं नाही हो," त्या मला म्हणाल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. स्वतःचा इतका राग आला की रडूच येईना. एवढ्या लांब आणलेली आई आता सकाळच्या गाडीने परत जाणार आणि पुन्हा कधीच येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आई मात्र त्या खुर्चीकडे बघत होती.

"खरंच येतस का?" तिने विचारलं.

काकूंनी मान हलवली.

"तुमना तरी येतस," आई म्हणाली. "मना माणूस दोन वरीसमा एक डाव बी उना नही. मी रोज वावरमा जाईसन बसू."

काकूंना आमची बोली कळेना. त्या माझ्याकडे बघू लागल्या. "ते एकदाही आले नाहीत म्हणते. ती रोज शेतात जाऊन त्यांची वाट बघत बसायची," मी सांगितलं. दोन वर्षं ही बाई जमिनीचा हट्ट धरून बसली आहे, असं मी लोकांना सांगत फिरत होते.

काकू तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. आईने एकदा खोलीभर नजर फिरवली.

"मनी खाट आठेच टाक," ती मला म्हणाली.