सुटी सुटी नावं

नवरा गेल्यावरही त्याचा आवाज ऐकू येतो, असं पुष्कळ बायका सांगतात. मलाही आला. फरक इतकाच की तो माझ्याबरोबर अख्ख्या गल्लीला आला, तोही भरदिवसा, ऑटोवर बांधलेल्या भोंग्यातून, महापालिकेच्या निवडणुकीत मतं मागत.

आमचे हे खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर आम्ही उत्तर नागपुरात राहायला आलो. माणूस साधाच, पण आवाज असा की लोक मान वळवून बघायचे. वस्तीत जयंती असो, लग्न असो, शोकसभा असो, माइक यांच्याच हातात. दीक्षाभूमीवर दरवर्षी गर्दी लोटते, तिथं चुकलेल्या माणसांची नावं पुकारायलाही हेच उभे राहायचे. घरात मात्र तोंडाला कुलूप. मी म्हणायची, "बाहेर वाटून उरला असेल तर थोडा आवाज घरीही द्या." त्यावर हसायचे, आणि पुन्हा पेपरात डोकं.

मग खासदारकीच्या निवडणुकीसाठी सगळे विरोधक एक झाले, त्यांची आघाडी झाली. एक जुना मोठा पक्ष, त्यातूनच फुटलेले दोघे, लाल झेंड्याचे, निळ्या झेंड्याचे, संत्र्याच्या भावासाठी भांडणारे काटोलकडचे शेतकरी, असे सगळे. आमच्या भागातल्या बैठका आमच्याच पुढच्या खोलीत व्हायच्या, कारण हे कोणत्याच पक्षाचे नव्हते. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक माझ्या सतरंजीवर मांडीला मांडी लावून तर्री-पोहे खायचे. मला खरंच बरं वाटायचं. राजकारणातलं मला कळत नाही, पण ज्यांचं कधी पटलं नाही त्यांना एका कढईतलं खाताना पाहिलं की काहीतरी चांगलं होणार असं वाटतंच.

पहिलं भांडण झालं ते भोंग्यावरून. घोषणा यांच्या आवाजात करायची, यावर सगळ्यांचं एकमत. पण त्यात पहिलं नाव कोणत्या पक्षाचं? यावर चहाच्या दोन फेऱ्या संपल्या तरी निकाल लागेना. एक जण तर चप्पल घालून दारापर्यंत गेला. शेवटी यांनीच तोड काढली.

"मी सगळ्यायचे नावं सुटे सुटे बोलतो," हे म्हणाले. "बाकीचे वाक्यंही सुटे. ज्याच्या वस्तीत जो मोठा, त्याचं नाव आधी लावा. तुमचे तुम्ही जोडून घ्या."

सगळे खूश. चप्पल घातलेला परत येऊन बसला. यांची एकच अट होती: माझ्या आवाजात कोणाची निंदा करायची नाही. ती अटही सगळ्यांनी माना हलवून मान्य केली.

रेकॉर्डिंगला मीही गेले होते. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका माणसाच्या दुकानामागे काचेची खोली होती. हे आत, मी बाहेर थर्मास घेऊन. एकेक पक्षाचं नाव घ्यायचं, थांबायचं, मग पुढचं. "माता-भगिनींनो." थांबायचं. "विसरू नका." थांबायचं. "सावध राहा." थांबायचं. मध्येच माझ्याकडे बघून विचारायचे, "ऐकून राहिली का वं?" आणि तो व्हिडिओवाला हात वर करून त्यांना गप्प करायचा.

खासदारकीची निवडणूक आघाडीने मारली. आमच्या दारात इतके फटाके फुटले की मोगऱ्याची कुंडी तडकली. पुढच्या आमदारकीच्या निवडणुकीत मात्र असं काही आपटले की एकमेकांना तोंड दाखवेनात. तुमच्यामुळे हरलो, तुमच्यामुळे हरलो, हाच जप. हे या घरून त्या घरी समजूत घालत फिरत राहिले. उन्हाळ्यात एका दुपारी कूलरसमोर बसल्या बसल्याच गेले. अंत्ययात्रेला मात्र सगळे आले, आणि त्यांना एका रांगेत चालताना मी तेवढंच शेवटचं पाहिलं.

थंडीत महापालिकेची निवडणूक लागली. आघाडी तोवर मोडली होती. प्रत्येकाचा वेगळा उमेदवार, वेगळा झेंडा. आवाज मात्र एकच.

पहिल्या दिवशी मी अंगणात मेथी निवडत होते. चौकाकडून आवाज आला, "माता-भगिनींनो." माझ्या तोंडून निघून गेलं, "आत या आता, ऊन झालं." मग कळलं. मेथी हातातच राहिली. शेजारची म्हातारी दारात येऊन माझ्याकडे बघत म्हणाली, "आले वं तुये मालक."

त्यानंतर रोज. सकाळी एका पक्षाकडून, दुपारी दुसऱ्याकडून. हे सगळ्यांचीच मतं मागत होते, आणि सगळ्यांसाठी तितकाच जीव तोडून. मेल्यावर माणसाला दिवसातून चारदा पक्ष बदलायला लावणारे लोक मी याच जन्मात पाहिले.

मग एक दिवस वेगळंच झालं. आमची गल्ली अरुंद. दोन टोकांनी दोन ऑटो शिरले आणि बरोबर आमच्या घरासमोर समोरासमोर अडकले. मागे कोण घेणार? कोणीच नाही. भोंगेही कोणी बंद करेना. या बाजूने हे समोरच्या पक्षाचं नाव घेऊन म्हणत होते, "सावध राहा." त्या बाजूने हेच या बाजूच्या पक्षाचं नाव घेऊन म्हणत होते, "सावध राहा." नाव आणि ताकीद, दोन्ही यांनीच म्हटलेलं, पण एकामागून एक कधीच म्हटलेलं नव्हतं. मी फाटकाशी उभी. माझा नवरा माझ्या दोन्ही कानांशी उभा राहून स्वतःशीच भांडत होता.

नीट ऐकल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. बोलण्याआधी नाकाने मोठा श्वास घ्यायची यांची सवय होती. माइकवरही तो ऐकू यायचा, मी त्यावरून चिडवायचीसुद्धा. भोंग्यात तो श्वास नव्हता. आवाज यांचा, हेल यांचा, पण माणूस बोलत होता आणि मध्ये कुठेच श्वास घेत नव्हता. मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

हे थांबवायचंच, असं ठरवलं. यांनी घातलेली अट यांच्यामागे मोडली जात होती, आणि ती सांभाळायला आता मीच उरले होते. पहिल्या पक्षाच्या प्रचार कार्यालयात गेले. माझ्याच सतरंजीवर बसून पोहे खाल्लेला माणूस खुर्ची सोडून उठला, मला बसवलं, चहा सांगितला.

"वहिनी, भाऊ तर आमचेच होते ना," तो म्हणाला. "त्यायचा आवाज आम्ही नाही लावाचा तं कोण लावन?"

"त्यांनी अट घातली होती," मी म्हटलं.

"अट मले पाठ आहे. पण तिकडचेच पहिले सुरू झाले. त्यायले बंद कराले सांगा, आम्ही आत्ता बंद करतो."

दुसऱ्या कार्यालयात गेले. तिथेही भाऊ त्यांचेच होते. तिथेही आधी तिकडच्यांनी बंद करायला हवं होतं. तिसरीकडेही तेच, चहासुद्धा तितकाच गोड. आधी नाव कोणाचं यावर भांडलेले लोक आता आधी गप्प कोण बसणार यावर अडून बसले होते. आणि खरं सांगू? हे नक्की कोणाचे होते, ते मलाही माहीत नव्हतं. मत कोणाला दिलं हे त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

शेवटी व्हिडिओवाल्याकडे गेले. मूळ आवाज त्याच्याकडेच होता. तो भला माणूस, चाळिशीचा, त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

"काकू, माह्याजवळचं मी आत्ता पुसून टाकतो," तो म्हणाला. "पण त्या सगळ्यायजवळ एक एक कॉपी गेली आहे. ते काही माह्या हातात नाही."

त्याने संगणकावर यादी उघडली, माउस माझ्याकडे सरकवला. एका बोटाचं काम होतं. आणि माझं बोट उचलेना. यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नव्हता. रोज घरात असलेल्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतं? पुसला असता तर तो फक्त त्या ऑटोवाल्यांकडे उरला असता.

मी विचारलं, "मध्ये मध्ये ते माझ्याशी बोलत होते, ते आहे का यात?"

"ते नाही ठेवत काकू. खोकला, श्वास, इकडचं तिकडचं बोलणं, सगळं काढून आवाज साफ कराव लागते."

म्हणजे जे माझं होतं तेवढंच कचरा म्हणून गेलं होतं. पक्षांची नावं तेवढी स्वच्छ राहिली होती.

माझा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "तुमाले पाहिजे तं बनवून देतो ना. आता मशीन आहे. तुम्ही वाक्य सांगा, काका जसेच्या तसे बोलतील. काय बोलवू?"

त्याची बोटं कीबोर्डवर थांबली होती. मी तोंड उघडलं, आणि मला एक वाक्य सुचेना. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी काय बोलायचा, ते दुसऱ्याला टाइप करायला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. "राहू द्या," म्हणाले आणि उठले. यादीही तशीच राहू दिली.

बाहेर रस्त्याला आले. प्रचाराचा शेवटचा दिवस, सगळीकडे नुसता गोंगाट. वळणावरून एक ऑटो आला. त्यातून हे म्हणत होते, "माता-भगिनींनो, विसरू नका. आम्हाला साथ द्या. द्याल ना?"

रस्त्यावर कोणी मान वर करून बघितलं नाही. ऑटो माझ्या अगदी जवळून गेला आणि मी भर रस्त्यात, मोठ्याने, "हो," म्हणाले. ऑटो कोणत्या पक्षाचा होता ते मी बघितलंच नाही.