पायाळू शकुन

"लोकं माह्याकडे येतात ते पाठ करूनच," शकुन एकदा म्हणाली होती.

तक्रार नव्हती ती. वलगावात ज्याच्या पाठीत उसण भरे, तो तिच्या ओट्यासमोर उगवतीकडे तोंड करून बसे आणि ती मागून डावा पाय त्याच्या पाठीला लावी. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, हे गावाला ठाऊक. पायाळूवर वीज पडते, हेही ठाऊक. म्हणून शेवंती तोडताना आभाळ गरजलं की शेजारच्या बाया हळूच पलीकडच्या वाफ्यात सरकत. लग्नाची बोलणीही तशीच सरकत गेली. भाऊ अकोल्याला फुलांच्या दुकानावर गेला. मागे उरलं तिचं घर आणि तिचा पाय. उसण नसती तर त्या दारात कुणी आलंच नसतं.

यंदा तिची कंबर दुखू लागली. दुखणं मांडीतून खाली उतरलं आणि डावं पाऊल बधिर झालं. तिनं कुणाला सांगितलं नाही. शेजारची मैनाबाई उसण घेऊन आली, तेव्हा पाय पाठीला टेकला की नाही तेच शकुनला समजेना. तिनं जोर दिला. म्हातारी तोंडावर पडली.

"मारून टाकतं का व मले?" मैनाबाई धूळ झटकत हसली. पण नंतर ती बसायलाही आली नाही.

पाय परत यायला हवा होता, गावाला कळायच्या आत. शकुन अमरावतीला राजापेठेजवळ प्राजक्ता नावाच्या कायरोप्रॅक्टरकडे गेली. ही बाई गोळी देत नाही, सुरी लावत नाही, हातानंच मणके मोकळे करते, असं तिनं ऐकलं होतं. आपल्यासारखंच कुणीतरी असेल, असं तिला वाटलं.

शकुननं दुखणं आणि आपल्या पायाचं काम सांगितलं, तेव्हा प्राजक्तानं प्लास्टिकचा कणा वाकवून दाखवला. "मावशी, हे सांधे एकमेकांवर सरकले पाहिजेत. एखादा अडकला, तर मी तिथंच छोटा झटका देते. लोकांना त्या कडकड आवाजाचं कौतुक. पण आवाज म्हणजे इलाज नव्हे. झटका कुठं द्यायचा नाही, ते मी आधी शोधते."

तोंडापुरतं भोक असलेल्या टेबलावर शकुन पालथी झोपली. खाली नुसती फरशी दिसत होती. बोटं मानेपासून एकेक मणका चाचपत उतरू लागली. इतक्या पाठी पाहिलेल्या शकुनच्या पाठीला इतक्या सावकाश कुणी कधी हात लावला नव्हता. हे शोधणं लवकर संपू नये, असं तिला वाटलं.

ते संपलं. मग डोळे मिटायला सांगून प्राजक्तानं हातात कापूस घेतला. "पावलाला लागला की सांगा."

"लागला."

"अजून लावलाच नाही, मावशी."

छोट्या हातोडीनं तिनं टाचेच्या वर ठोकलं. उजवं पाऊल हललं. डावं तसंच राहिलं.

"मी झटका देणार नाही," प्राजक्ता समोर बसत म्हणाली. "नस दबलीय. आधी एमआरआय, मग मणक्याचे सर्जन. आणि उशीर करू नका."

"पाय येईन का पण?"

"येईलही. शब्द नाही देत. तोवर मात्र कुणाच्या पाठीला पाय लावू नका. जोर किती पडतोय, तुम्हाला कळणार नाही."

"कापूस नाई कळला. माणूस कळन मले."

मैनाबाई पडल्याचं शकुननं प्राजक्ताला सांगितलंच नव्हतं.

बाहेरच्या बाकावर गावचा पुंजाराम कंबर धरून बसला होता. शकुनला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"अवं शकुनबाई! देवच दवाखान्यात आला म्हना की! तू इथं काहून व?" उत्तराची वाट न पाहता तो फरशीवर बसला आणि पाठ करून सदरा वर केला. "लाव बाप्पा इथंच. पुढच्या सोयाबीनीपर्यंत सुटलो मी."

बाकावरचे लोक हसले. एकानं मोबाइल वर धरला. प्राजक्ता दारात येऊन उभी राहिली.

"लावतं ना?" पुंजारामनं मान न वळवता विचारलं.

ती पाठ शकुनच्या ओळखीची होती. उन्हानं काळी, मधोमध हाडं वर आलेली. तिनं भिंतीला हात टेकला. चप्पल चढवताना डावा अंगठा आत गेला की नाही, ते तिला खाली वाकून पाहावं लागलं. मग वाट पाहणाऱ्या त्या पाठीला वळसा घालून ती दाराबाहेर पडली.