मंडईच्या प्लॉटवरचा गडगा

आमच्या सोसायटीसमोरचा प्लॉट मंडईसाठी राखीव आहे. मी लग्न होऊन चारकोपला आले तेव्हाही होता, मंडई अजून झालेली नाही. तोवर लोकांनी तिथे घरदुरुस्तीचं डेब्रिज टाकलं, एका मंडपवाल्याने बांबू ठेवले. मोकळी जागा मुंबईत मोकळी राहत नाही. म्हणून सोसायटीची सेक्रेटरी झाल्यावर मी महापालिकेकडे अर्ज केला, की मंडई होईपर्यंत आम्हाला भाजी लावू द्या.

खेटे घालून घालून चपला झिजल्या, पण परवानगी मिळाली. तात्पुरती, अकरा महिन्यांची. ठळक अक्षरांत एक अट होती: कोणतंही बांधकाम करायचं नाही. खाली माझी सही.

सासऱ्यांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. ते मूळचे मालवणकडचे, जन्म गिरणीत गेला. सासूबाई गेल्यापासून दिवसभर गॅलरीत बसायचे, कुणाशी बोलणं नाही. प्लॉटवर पहिली कुदळ पडली त्या दिवशी ते आपणहून तीन मजले उतरले आणि शेजाऱ्याच्या हातातून कुदळ काढून घेत म्हणाले, "अशी धरतत काय?" महिनाभरात लाल माठ तरारला. पाणी जास्त घातलं म्हणून ते सोसायटीतल्या बायकांवर ओरडायला लागले, घरी येऊन पोटभर जेवायला लागले. मला इतकं बरं वाटलं, की अकरा महिन्यांचं सांगणं मी पुढे ढकलत गेले. मी तशी फटकळ, पण इथे माझी जीभ उचललीच नाही.

सहाव्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी पाच दिवस विक्रोळीला माहेरी गेले. परत येऊन बघते तर भाजीच्या तीन बाजूंना गुडघाभर गडगा. डेब्रिजमधले दगड-विटा निवडून, कोकणात रचतात तसे एकावर एक बसवलेले, सिमेंटचा कणही नाही. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, हे कोणी सांगितलं करायला?"

"सांगूक कित्याक व्हया?" ते हात झटकत म्हणाले. "गडगो नाय तर जमीन आपली कशी? गावाक माझ्या वाट्याक गडगो नव्हतो. मी हंय गिरणीत, थंय चुलतभावान पोफळी लावल्यान. गेली जमीन."

ही जमीन आपली नाही, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं, चहा घ्या." रविवारी माणूस लावून हळूच काढून टाकू, असा माझा बेत होता.

पण त्याआधी गुरुवारीच पालिकेचे साहेब पाहणीला आले. तरुण, सभ्य माणूस.

"मॅडम, कंपाउंड वॉल बांधलीत?"

"भिंत नाही हो साहेब, गडगा आहे. नुसते दगड रचलेत." मी वरचा दगड उचलून दाखवला.

त्यांनी फोटो काढले. "उद्या दुसऱ्या कोणी असेच दगड रचून प्लॉट अडवला, तर मी त्याला काय सांगू? हद्द घातली म्हणजे कब्जाच ना?"

ते खोटं बोलत नव्हते. सासऱ्यांनी तो हद्दीसाठीच घातला होता. फोटो निघाले होते, आता गडगा काढून उपयोग नव्हता; तो तसाच राहिला. पंधरा दिवसांत परवानगी रद्द झाल्याचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी जागा ताब्यात घ्यायला माणसं येणार होती.

मी सासऱ्यांना पत्र वाचून दाखवलं. मग जुनी परवानगी काढली आणि तीही वाचली, अटीसकट, अकरा महिन्यांसकट.

"तुका ह्या ठावक होतां?"

"हो."

"पयल्यापासून?"

"हो, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पत्राची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "अकरा म्हयने तर अकरा म्हयने. भाजयेक तितके पुरे होते. माका सांगूक व्हया होतां. मगे गडग्याची गरज काय होती?"

मला रडू आलं. चूक अटीची नव्हती, त्यांचीही नव्हती. माझ्या घरातल्या जाणत्या माणसाला मी लहान मुलासारखं फसवून खूश ठेवलं होतं.

सकाळी सातलाच ते खाली गेले आणि एकेक दगड उतरवून बाजूला रचायला लागले. मी धावत जाऊन हात लावला.

"तू नको," ते म्हणाले. "माझो गडगो, मीच काढतलंय."