शनिवारच्या पानातले तारे

आमच्या घरी किस्से जमवावे लागत नाहीत. शनिवारी हॉलमध्ये झाडू मारला की सोफ्याखालून एक चार्जर, शेंगदाण्यांची टरफलं आणि एखादा किस्सा निघतोच. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे ते माझ्याकडं साचत गेले. आता इतके झालेत की मला एका जागी बसू देत नाहीत.

आधी माणसं सांगते. मी पेडण्याची, वैशाखात लग्न होऊन डिचोलीला आले. नवरा प्रसाद खाणीच्या वजनकाट्यावर कामाला. (घरात मी त्याला 'हे' म्हणते, पण इथं तसं लिहिलं तर कोण कोण ते कळायचं नाही.) गणपतीची चवथ झाली आणि खाणी बंद झाल्या. वाड्यावरच्या बायकांनी नव्या सुनेच्या पायांकडं एकदा नीट बघून घेतलं. अख्ख्या गोव्यातल्या खाणी बंद पडल्या होत्या. माझ्या दोन पायांत एवढी ताकद असेल असं मला वाटत नाही, पण मी वाद घातला नाही.

प्रसादकडं उरलं एकच काम. पणजीच्या एका दैनिकाच्या शनिवार पुरवणीत तो आणि त्याचे दोन मित्र व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचे. ट्रकवाला दामू हातातल्या छोट्या गेमची लिहायचा. प्रसाद आणि गणिताचा विनायक मास्तर टीव्हीला जोडायच्या गेमची. पाचपैकी किती तारे आणि खाली चार ओळी. म्हापशाचा जुझे दुकानदार डिस्क आठवडाभर वापरायला द्यायचा. मराठी टायपिंग तिघांनाही येत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडं आलं. शुक्रवारी सहाच्या आत मजकूर पाठवायचा. एरवी रोज सकाळी प्रसाद स्कूटर काढून खाणीच्या गेटपर्यंत जायचा, कुलूप बघायचा आणि परत यायचा. शुक्रवारी मात्र जायचा नाही. शुक्रवारी त्याला काम असायचं.

*

दामू गेम खेळायला शिकला तो जेटीवरच्या रांगेत. खनिजाचा माल नदीतल्या बार्जमध्ये उतरवायला दोन-दोन तास नंबर लागायचा नाही, तेवढ्या वेळात केबिनमध्ये गेम. त्यामुळे त्याचा निकालही खेपांत असायचा. "दोन खेपांचा गेम." "अर्ध्या खेपेत कंटाळा." त्यावरून तारे मी अंदाजानं घालायची.

ट्रक घरासमोर उभा राहिला तशी त्याची परीक्षणं यायची थांबली. मी विचारलं तर म्हणाला, "वयनी, सोफ्यार बसून सगळेच गेम बरे लागतात. रांगेत बरा लागला तर तो खरा."

शेवटी त्यानं तोड काढली. दुपारी बाराला ट्रकवरची ताडपत्री वर करायची, केबिनमध्ये बसायचं, काचा बंद करायच्या आणि खेळायचं. पहिल्याच दिवशी गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. पुढची गाडी वाट देईना, म्हणून दामूनं सवयीनं हॉर्न दाबला. खऱ्या ट्रकचा. लांब.

समोरच्या तीन घरांतून तीन माणसं बाहेर धावली. एक तर जेवता जेवता, उष्ट्या हातानं.

"खाण सुरू जाली?"

दामूनं काच खाली केली. "ना रे. ओव्हरटेक."

*

विनायक मास्तर पेडण्याच्या हायस्कुलात शिकवतो. तो परीक्षण लिहीत नाही, पेपर तपासतो. एका कोड्यांच्या गेमला त्यानं साडेतीन दिले. शेरा होता, "उत्तर बरोबर, पण रीत दाखवत नाही. दीड तारा वजा."

एकदा लढाईचा गेम आला. मास्तर पहिल्याच पायरीवर सात वेळा मेला. रविवार अख्खा गेला. प्रामाणिक माणूस, त्यानं लिहून दिलं, "गेमला पाचपैकी पाच. खेळणाऱ्या विनायकला शून्य. पालकांनी येऊन भेटावे." मी जसंच्या तसं टाईप केलं.

मंगळवारी सकाळी पेडण्याच्या बसमधून उतरून त्याची आई आमच्या दारात. हातात पेपर, पिशवीत नारळ. सासूबाईंनी पाट दिला तरी बसेना.

"मागीर बसतलंय," ती म्हणाली. मागीर म्हणजे मग. "आदी माका सांगा, ह्यानं केलंन काय?"

*

प्रसादची अडचण वेगळी. तो सगळ्यांना चार तारे द्यायचा. काट्यावर वजन कमी भरलं की ड्रायव्हरचं तोंड जे उतरायचं, ते त्याला बघवायचं नाही. गेमचंही तसंच. "कोणीतरी दोन-तीन वर्षं बसून बनवला असेल गो," असं म्हणायचा आणि चार.

मग पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"प्रसादबाब, तुमच्याकडे आजवर नापास कोण झालाय? असं परीक्षण कोण वाचणार? तीन शनिवार देतो. एकाला तरी खाली बसवा. नाहीतर त्या जागेवर पाककृती घेतो. वाचकांना निदान भूक तरी लागते."

प्रसाद "हो, हो" म्हणाला, फोन ठेवला आणि स्कूटरची किल्ली घेऊन गेटकडं निघाला. तो शुक्रवार होता.

मी धुतलेले कप परत धुतले. हेही काम गेलं तर हा माणूस सातही दिवस कुलूप बघायला जाणार, हे मला त्या कपांत स्वच्छ दिसत होतं.

*

पहिल्या शनिवारसाठी शेतीचा गेम आणला. सासूबाई तांदूळ निवडत मागं बसल्या होत्या. पडद्यावर पेरलं, उगवलं, कापलं. त्यांचा हात सुपातच थांबला.

"हांगा शेजारी कोण ना?"

"नाही आई. एकट्याचंच शेत."

"मेरेचें झगडें ना?" मेर म्हणजे बांध. "मागीर हें कसलें शेत? कोणी तरी फटयला तुका."

मी आशेनं कीबोर्डवर बोटं ठेवून बसले. 'फसवलंय' हा निकाल तयारच होता, नुसता उतरवून घ्यायचा. प्रसादनं विचार केला आणि म्हणाला, "झाडं बरी काढलीत पण. चार घाल."

दुसऱ्या शनिवारसाठी त्यानं जुझेकडं जाऊन दुकानातला सगळ्यात वाईट गेम मागितला. जुझेनं आनंदानं दिला, म्हणाला परत आणला नाहीस तरी चालेल. त्यात नायक दुसऱ्याच मिनिटाला भिंतीत अडकायचा आणि बाहेर यायचाच नाही. नुसते पाय हलायचे. आम्ही चौघांनी पाळीपाळीनं प्रयत्न केला. दामू म्हणाला, "क्रेन लागतली." मास्तरनं एक तारा दिला, तोही वेळेवर हजर राहिल्याबद्दल.

मी प्रसादकडं बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. खरंच प्रयत्न करत होता बिचारा.

"लिही," तो म्हणाला. "भिंत मजबूत आहे. चार."

*

तिसऱ्या आठवड्याला जुझेनं जो गेम दिला, तो खाणीचा निघाला. कुठल्या तरी लांबच्या देशातली खाण. खोदायचं, ट्रक भरायचे, वजन करायचं, पाठवायचं. मग आणखी खोल खोदायचं.

मास्तरच्या शाळेत परीक्षा होती, तो आला नाही. दामू आला, दहा मिनिटं उभ्यानं बघितलं, "ट्रकांवर ताडपत्री ना, फायन मारतले," एवढं म्हणाला आणि चप्पल घालून गेला. प्रसाद मात्र सोमवारपासून सकाळी आठला बसायचा तो जेवायलाच उठायचा. पाच दिवस तो गेटकडं गेला नाही. काट्यावर ट्रक आला की ओठ हलवून आकडा वाचायचा. मी ताट वाढून हाक मारली की म्हणायचा, "आलो, एवढा एक सोडतो."

शुक्रवारी साडेपाच वाजता मी विचारलं, "काय लिहू?"

त्यानं पडद्यावरची नजर काढली नाही. "खाण बंदच पडत नाही गो ह्यात," तो म्हणाला. मग आणखी दोन ट्रक सोडून, "चार घाल. नाहीतर... तुला काय वाटतं ते घाल." आणि टीव्ही तसाच चालू ठेवून मागच्या दारी जाऊन उभा राहिला.

मला काय वाटतं, हे त्या घरात पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. हाताशी वीस मिनिटं होती. मी लिहिलं: "या गेममध्ये खाण कधीच बंद पडत नाही. त्यामुळे आता पुढं काय करायचं, हा प्रश्न खेळणाऱ्याला पडतच नाही. तो बसून राहतो. एक तारा." खाली नाव प्रसादचं. सहाला पाच कमी असताना पाठवलं आणि उगीचच अंगण झाडायला घेतलं.

शनिवारी त्यानं ते उभ्या उभ्या वाचलं. दोनदा. चहा प्याला.

नऊ वाजता संपादकांचा फोन आला. "हां, आता कसं परीक्षण झालं! पाककृती राहू दे सध्या." प्रसाद नुसता "हो" म्हणाला.

दहाला जुझेचा. "अरे बाब, ती डिस्क घेऊन बेगीन ये. सकाळपासून लोक पेपर घेऊन उभे आहेत. सगळे तुमच्याच वाटेचे, डिचोली, साखळी. तो एक ताऱ्याचाच पाहिजे म्हणतात."

प्रसादनं डिस्क डबीत घातली, शर्ट बदलला आणि मला म्हणाला, "चल."

म्हापशाला दुकानात आठ-दहा पुरुष होते. पोरं नव्हेत, बाप्ये. गेम खेळणारं त्यांच्यात कोणी दिसत नव्हतं. पेपर घडी करून खिशात, आमच्या पानाचं टोक वर. त्यातले एक वयस्क गृहस्थ, कुठल्या तरी खाणीवरचे फोरमन असावेत, पुढं आले आणि प्रसादला म्हणाले, "हें तुमी बरयलां?" बरयलां म्हणजे लिहिलं.

"हिनं," प्रसाद म्हणाला.

ते माझ्याकडं वळले. आवाज एकदम खाली आला त्यांचा.

"बाये, खरेंच बंद पडना ती खाण?"

"नाही पडत," मी म्हटलं.

सगळे आणखी जवळ सरकले. प्रसादसुद्धा माझ्याकडंच बघत होता.

"मागीर," ते म्हणाले, "एकूच तारो कित्याक दिलो?"